मास्तरांनी मारलेली म्हातारी

शुक्रवार पेठेतले यज्ञेश्वर मास्तर सोलापुरात तंबूतल्या सिनेमाला पडद्याशेजारी उभे राहून अमेरिकन मूकपटांतल्या इंग्रजी पाट्या मराठीत वाचून दाखवत. मूळ पाटी एका ओळीची असली तरी मास्तरांच्या मराठीत ती चार ओळींची होई. याबद्दल अमेरिकेतून कधी तक्रार आली नव्हती.

या खेपेचं चित्र चांगलं नावाजलेलं होतं. लढाईवर गेलेला मुलगा शेवटी घरी येतो आणि म्हातारी आई त्याला पोटाशी धरते. सहा दिवस तिनं रोज धरलं. सातव्या दिवशी मास्तरांना कंटाळा आला. लोकांना जरा रडवावं म्हणून, मुलगा दाराशी पोचायच्या आतच ते बोलून गेले, "आणि म्हातारीनं प्राण सोडला!"

पडद्यावर म्हातारी खुर्चीतच कलंडली.

तंबूत हुंदके फुटले. मास्तरांनी वळून मशीनकडे पाहिलं. ऑपरेटर नेहमीसारखा हँडल फिरवत होता.

मुलगा आत आला. त्यानं आईचा हात उचलून पाहिला, खांद्यावरची बंदूक काढली आणि चालत चालत इतका पुढं आला की पडद्यावर त्याच्या चेहऱ्याशिवाय काही उरलं नाही. मग पाटी आली.

"वाचा की मास्तर!" लोक ओरडले.

मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा होतं तेवढंच वाचलं. "हिला कुणी मारलं?"

पाटी गेली. चेहरा परत आला आणि तसाच थांबून राहिला.

अगदी पुढं बसलेल्या गोजरबाईंनी पदरानं डोळे पुसले. "सांगा की वो मास्तर त्याला. तुमास्नी ठावं हाय न्हवं?"

पडद्यावरच्या मुलानं गोजरबाईंकडं पाहून मान हलवली आणि तो मास्तर उभे होते त्या बाजूला वळला.