रबरी पॅड

नवऱ्याला पुरल्यावर आठवड्याने तो ज्यात वाजवायचा त्या बॅगपाइप बँडचा म्होरक्या मर्डो त्याचा ड्रम आणि किल्ट, म्हणजे गणवेशाचा चौकड्यांचा घागरा, न्यायला आला; दोन्ही बँडच्या मालकीचे. “वहिनी, रबरी पॅड राहू दे, तो त्याचा स्वतःचा,” म्हणाला. नवशिके वर्षभर ज्यावर हात बसवतात, तो पॅड टेबलावरच राहिला. मला रडू आलं नाही. मंगळवारी शिकवणीच्या वेळेला नवऱ्याची शिष्या इशबेल काठ्या घेऊन हजर. “काकू, पाय आपोआप इकडेच वळले.” तिला बसवून मी बटाटे सोलू लागले. ती पॅडवर वाजवू लागली. तीस वर्षं मी या ठकठकीवर “बास कर रे!” म्हणून ओरडले, काठी मात्र कधी धरली नाही. “थांब,” मी मान वर न करता म्हणाले, “डावा हात उशिरा पडतोय.” “सर अस्संच म्हणायचे…” इशबेल रडू लागली. मी सोलतच होते. “नंतर रड. पहिल्यापासून वाजव.”