काचेपलीकडची खुर्ची

"वहिनी, एकदाचं काय ते सांगा. जुनंच ठेवू की नवं घालू?" दिरानं मांडीवरचा कीबोर्ड बाजूला सारला.

वहिनीच्या कान तपासायच्या दवाखान्यातला कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. बत्तीस बिटांची जुनी सिस्टिम ठेवली, तर तो रडतखडत का होईना चालणार होता. चौसष्ट बिटांची नवी घातली, तर तपासणीचा प्रोग्रामही नवा घ्यायला हवा. आणि एवढ्याशा मेमरीत ते ओझं त्याला पेलेल की नाही, देव जाणे.

"नवं घाला, भाऊजी. जुनं वेड्यासारखं करतंय. आत कुणी नसताना उत्तरं नोंदवतं."

"भुताटकीच म्हणायची!" दीर हसला. वहिनी हसली नाही.

दुपारपर्यंत नवी सिस्टिम बसली. काचेपलीकडच्या बंद खोलीत रिकामी खुर्ची. तिच्यावर हेडफोन, आणि आवाज ऐकू आला की पेशंटनं दाबायचं बटण. वहिनीनं पहिला सूर सोडला.

पडद्यावर बटण दाबल्याची हिरवी खूण उमटली.

"वायर गेली असणार," म्हणत दिरानं आत जाऊन वायर बदलली, बाहेर येऊन दार लावलं. पुन्हा सूर. पुन्हा खूण.

वहिनीनं हात आवरता घेतला. सूर नाही, तर खूणही नाही. मग तिनं अगदी बारीक सूर सोडला. काही नाही. थोडा वाढवला. तरी नाही. आणखी वाढवला, आणि खूण आली. बिघडलेल्या वायरीला लहानमोठा आवाज कळत नसतो.

असे सगळे सूर तपासून ऐकण्याचा आलेख पुरा झाला, तशी वहिनीनं ड्रॉवरमधून याच रिकाम्या खुर्चीचा, जुन्या सिस्टिमवर काढलेला आलेख आणला आणि पडद्याशेजारी धरला. रेघ हुबेहूब तीच. फक्त थोडी खाली उतरलेली.

"ऐकू येणं कमी होत चाललंय," ती स्वतःशीच पुटपुटली.

दिरानं प्लगकडे हात नेला. "वहिनी, उठा तुम्ही. जुनंच घालतो परत, नाहीतर हे खोकं सरळ भंगारात देतो."

"नको," वहिनी खुर्ची पुढे ओढून बसली. "नव्यात आवाज आणखी मोठा करता येतो."