नकलेत राहून गेलेलं

दिंद्रुड गावची सून स्वप्ना, तिचं नाव झालं ते सासूच्या, ताराबाईंच्या, नकलेमुळं. ताराबाईंची भांडणं ती स्वतःच लिहायची आणि त्यांचंच लुगडं नेसून स्टेजवर करायची. आधी गावच्या गणपतीत, मग पार बीड-लातूरपर्यंत. लोक पोट धरून हसायचे. ताराबाई गेल्या आणि स्वप्नानं नक्कल बंद केली.

तेरावा झाला तरी सासरे सटवाजी जेवणाला धड हात लावत नव्हते. एका दुपारी वाढलेलं ताट तसंच पाहून स्वप्ना चुलीपुढूनच सासूच्या आवाजात ओरडली, "आवो, येता का जेवायला, का भाकर म्हशीला घालू?"

सटवाजी उठून आत आले. मान खाली घालून अख्खी भाकर खाल्ली.

"आवाज तिचाच हाय, पोरी," हात धुताना ते म्हणाले. "पर एक राहतंय."

"काय, मामा?"

"असं वरडून झालं की ती हळूच आणखी अर्धी भाकर वाढायची. ते तू कधी घेतलंच न्हाईस."

गावच्या गणपतीत पहिल्यांदा स्वप्नानं तेही केलं होतं. तेवढ्याला कुणी हसलं नाही, म्हणून तिनंच काढून टाकलं होतं.