खुर्चीतल्या बापाची भूमिका

मंचावर नायकाने मूठ आवळली, प्रेक्षकांकडे बघून डोळा मारला आणि हात मागे घेतला. समोर उभ्या असलेल्या कोसळेला कळलं, आता आपण पडायचंय.

कोसळे हे त्याचं आडनाव नव्हे, धंदा. अठ्ठावीस वर्षं तो सिनेमात मार खात आला होता. काचेतून, जिन्यावरून, एकदा तर चालत्या ट्रकवरून तो असा काही कोसळला होता, की लोक त्याचं खरं नावच विसरून गेले. चेहरा तर कुणाला ठाऊकच नव्हता, कारण पडणाऱ्याची नेहमी पाठ दिसते. गुडघे आता कुरकुरत होते. निघताना बायकोने कॉलर सारखी करत बजावलं होतं, की फुलं घ्यायची, दोन शब्द बोलायचे आणि आपल्या पायांनी घरी यायचं.

सत्कार होता सहा वर्षांपूर्वीच्या एका मारधाडपटाचा. अशा चित्रपटांत एक जुना नियम असतो. गुंड आठ असले तरी नायकावर एकेकाने जायचं आणि बाकीच्यांनी हातपाय हलवत आपला नंबर येईपर्यंत थांबायचं. दवाखान्याच्या रांगेतही एवढी शिस्त नसते. या दिग्दर्शकाने तो नियम मोडला. आठही गुंड एकदम धावून आले आणि नायक अकराव्या सेकंदाला आडवा झाला. नायक झालेला नट तेव्हा नवखा होता, त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. पुढचा सगळा चित्रपट तो प्लॅस्टरमध्ये, आणि कथा चौथ्या गुंडाची. त्या गुंडाच्या मनाला झालेला प्रकार लागून राहतो आणि तो फळांची पिशवी घेऊन नायकाला बघायला जातो. तो गुंड म्हणजे कोसळे. पहिल्यांदाच त्याला संवाद होते, चेहरा होता, आणि शेवटची पाटी येईपर्यंत तो जिवंत होता.

चित्रपट चार दिवसांत उतरला. लोक म्हणाले, मार खाणारा नायक घरोघरी आहे, त्याला बघायला तिकीट कशाला काढायचं? समीक्षकांनी धुऊन काढला. दिग्दर्शक साबणाच्या जाहिराती करू लागला. मग यंदा कुणाला तरी तो चित्रपट मोबाइलवर सापडला आणि बघता बघता ‘उपेक्षित रत्न’ झाला. ज्यांनी शिव्या घातल्या होत्या त्यांनीच लिहिलं, की आम्ही तेव्हाच सांगत होतो. जुना पेपर काढून कोण बघतो? नायक मधल्या काळात एकेक गुंड लोळवत बडा माणूस झाला होता. त्यामुळे सत्कार त्याचा, आणि कोसळे शोभेला.

कोसळेला सत्काराचं काही नव्हतं. त्याचं लक्ष पहिल्या रांगेतल्या निर्मात्याकडे होतं. त्याच्या नव्या चित्रपटात हाच नायक होता आणि नायकाच्या बापाची भूमिका मोकळी होती. बाप म्हातारा, करारी, आणि पहिल्या प्रसंगापासून शेवटच्या प्रसंगापर्यंत खुर्चीत बसलेला. चौथा गुंड बघूनच निर्मात्याने कोसळेला विचारलं होतं. पक्कं काय ते उद्या दुपारी कळवतो, असं तो आज दारातच म्हणाला होता. सगळी उमर जमिनीवर काढलेल्या माणसाला खुर्चीचं काय अप्रूप असतं, ते त्यालाच ठाऊक. आठवडाभर कोसळेने घरात बसण्याची तालीम केली होती.

आणि आता ही मूठ. बड्या माणसाला गंमत करायची लहर आली होती. पडावं तर सभागृह हसणार आणि निर्माता म्हणणार, हा पडण्याच्याच लायकीचा. न पडावं तर साहेबांचा चारचौघांत पचका. कोसळेचे गुडघे सवयीने वाकायलाही लागले. तेव्हा त्याला राग आला, स्वतःच्या गुडघ्यांचाच. तो ताठ उभा राहिला.

ठोसा नाकापासून वीतभर लांबून गेला. असे ठोसे लागत नसतातच. पण मार खाणाऱ्याने पडता पडता नायकाचं मनगट हळूच धरायचं असतं, म्हणजे ठोशाच्या झोकाने तो पुढे जात नाही. प्रेक्षकांना ते दिसत नाही, आणि नायकाला ते आजवर कुणी सांगितलेलं नव्हतं. आज मनगट धरायला कुणी नव्हतं. नायक अर्धा गरकन फिरला, फुलदाणीवर आदळला आणि मंचावर पालथा पडला.

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळं सभागृह उभं राहिलं. नायक हुशार होता. उठला, कपाळावरचं फुलदाणीतलं पाणी पुसलं आणि जणू ठरलेलंच होतं असा झुकून उभा राहिला. सकाळच्या पेपरात आलं, की या नटाने मोठ्या विनम्रतेने नायकाच्या कल्पनेलाच जमिनीवर आणलं. सोबतच्या फोटोत कोसळेचा फक्त हात, तोही कोपरापर्यंत, आला होता. बायकोने तो फोटोही कापून ठेवला. कोसळेला मनापासून आनंद झाला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तो उभा राहिला होता आणि समोरचा पडला होता.

दुपारी फोन वाजला. कोसळे आधी खुर्चीत नीट बसला, मग त्याने तो उचलला. निर्माता भलताच खुशीत होता. कालच्या टाळ्या ऐकून कथाच बदलली, म्हणाला. साहेबांना आता पडणारा नायक करायचाय. सात ठिकाणी पडतो, शेवटी तर गच्चीवरून. एवढ्या पडापडीत बापाला काही जागा उरली नाही, त्यामुळे तो काढून टाकला.

“मग मला फोन कशाला केलात?” कोसळेने विचारलं.

“अहो काका, साहेब स्वतः थोडेच पडणार? त्यांचे कपडे तुम्हालाच बरोबर बसतील. आणि चेहऱ्याचं टेन्शन घेऊ नका, तो कुठंच दिसणार नाही.”