आवाजाची पारख

“अजून वाढव,” मंदार म्हणाला.

मतीनने बटण फिरवलं. कापूरहोळच्या चौकातल्या त्याच्या चिंचोळ्या दुकानात लॅपटॉपला जोडलेल्या स्पीकरवर हलगी अशी कडाडली, की काचेच्या कपाटातले चार्जर थरथरले. मैथिलीने मोकळा हात कानावर दाबला. मंदार मात्र काउंटरला टेकून शांत उभा. कपाळावर साधी आठी नाही.

मैथिली त्याच्याकडे निरखून बघत होती. तिची शंका खरीच होती.

मार्गासनीत मंदारचा डीजे होता. वरातीच्या टेम्पोवर, भिंतीएवढ्या स्पीकरांना पाठ लावून त्याने उमेदीची वर्षं काढली. वरद झाल्यावर डीजे विकून टाकला. आता भोरच्या एका स्टुडिओवाल्याने काम देऊ केलं होतं. गाणी घरी बसून तयार करायची, फक्त लॅपटॉप स्वतःचा पाहिजे. मैथिलीने पाटल्या आनंदाने काढून दिल्या. तेव्हा तिच्या मनात काही नव्हतं.

ते नंतर आलं. मंदार मोबाईलवर तेच तेच गाणं लावायचा, आवाज वाढवत न्यायचा. हाक मारली तर तिसऱ्या हाकेला ओ. परवा तर त्याच्या हातून परात पडली. सगळं घर दणाणलं. हा पाळण्याशेजारी खांबासारखा उभा, जागचा हलला नाही.

तिने सासूबाईंना सांगून पाहिलं. चंद्राबाई हसल्या.

“अगं, डीजेवाल्याचं घर हाय. हितं कुनाला आवाजाचं काय? आपला वरद बघ की. दारावरनं वरात गेली तरी झोपमोड न्हाई. बापावर गेलाय!”

मैथिली शिकलेली होती. आवाजाने कान गेले की ते परत येत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. आणि कानच नसतील तर हा माणूस गाणी जुळवणार कशी? पण विचारायची हिंमत होत नव्हती. गेले काही दिवस मंदार इतका गप्प झाला होता, की तिला वाटे, त्याचं त्यालाही कळलंय.

“हा पातळ दिसायला झ्याक आहे, पण जास्त ट्रॅक लावले की तापतो,” मतीनने दुसरा लॅपटॉप पुढे ओढला. “गाण्याच्या कामाला हा जाडच घ्या, मंदारभाऊ. रॅम भरपूर. वहिनी, तुम्ही सांगा.”

“मला त्यातलं काय कळतंय,” मैथिली म्हणाली. तिची नजर मंदारवरून हलत नव्हती.

पडद्यावर आवाजाच्या रंगीत पट्ट्या खालीवर नाचत होत्या. तिच्या कडेवरचा वरद त्या बघून टाळ्या पिटायला लागला.

“आवडलं बघा साहेबांना,” मतीन म्हणाला. “पुढचा डीजेवाला तयार.”

“त्याला खाली बसव,” मंदार म्हणाला. “हात लावंल पडद्याला. त्या खोक्यात बसव. तोंड रस्त्याकडं कर, गाड्या बघंल.”

मैथिलीने वरदला दाराजवळच्या रिकाम्या खोक्यात बसवलं. तो पुठ्ठ्याची कड चघळत बाहेरचे ट्रक बघू लागला.

“आता बंद कर,” मंदार मतीनला म्हणाला, “आन् एकदम लाव.”

“एकदम कशाला?”

“एकदम चालू केल्यावर अडकतंय का बघू.”

मतीनने बंद केलं, पुन्हा लावलं. मग मंदारने नुसती शिट्टी मागितली. मग देवळातली घंटा. तीही पुन्हा, अजून मोठ्याने. शेजारच्या पंक्चरवाल्याने डोकावून शिवी हासडली.

“वरात कुनाची हाय रं?”

“तुझीच काढायचीय,” मतीन ओरडला. त्याने आवाज बंद केला. एकदम शांत झालं. त्या शांततेत पातळ लॅपटॉपचा पंखा घरघरत होता. दाराशी उभ्या मैथिलीलाही तो ऐकू येत होता.

“ऐकताय ना? रेकॉर्डिंगमध्ये येणार हे,” मतीन म्हणाला.

“चालंल,” मंदार म्हणाला.

मैथिलीने चमकून त्याच्याकडे पाहिलं. एका स्पीकरमध्ये नुसती गुणगुण आली म्हणून याच माणसाने एकदा भर वरात थांबवली होती. नवरदेव घोड्यावर ताटकळला, पण याने वायर बदलल्याशिवाय गाणं लावलं नाही.

“मग कुठला बांधू? जाड का पातळ?” मतीनने विचारलं.

मंदारने उत्तर दिलं नाही. तो दाराकडे बघत होता. मतीनने पुन्हा विचारलं. पुन्हा काही नाही.

मैथिली काउंटरच्या कडेने मतीनजवळ गेली. “भाऊ, खरं सांगा. यांना नीट ऐकू येतंय असं वाटतं तुम्हाला?”

मतीन हसला. “वहिनी, डीजेवाले निम्मे बहिरेच असतात. आणि बायकोपुढं तर सगळेच.” मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. “दाखवून घ्या एकदा. लॅपटॉप काय, पुढच्या आठवड्यात न्या. मी ठेवतो बाजूला.”

बाहेर एका ट्रकने अगदी दारातच हॉर्न दिला. मतीन दचकला. मैथिलीने वळून पाहिलं. मंदार दुकानाच्या उंबऱ्यावर जाऊन उभा राहिला होता, तिच्याकडे पाठ करून. त्याचे खांदे हळूहळू खाली आले.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. मोठ्याने बोलायचा धीर नव्हता, आणि कुजबुजलेलं त्याला ऐकू जाणार नाही याची खात्री होती. म्हणूनच कदाचित तोंडून निघालं, नुसत्या श्वासासारखं.

“अहो, तुम्हाला ऐकू येत नाही. मला कळलंय.”

“मला सगळं येतंय ऐकू,” मंदार मागे न वळता म्हणाला. “मगासपासनं मी वरदकडं बघतोय, मैथिली. तो एकदाबी दचकला न्हाई.”