डावा हात

"हात वर कर बघू, बाळा," डॉक्टर म्हणाले. सात वर्षांच्या रेवाने उजवा हात वर केला.

"अगं, डावा! पेसमेकर बसवलाय त्या बाजूचा."

"नको हो डॉक्टर, पेसमेकरची तार हृदयातून निसटेल," तिची आई मृण्मयी पटकन म्हणाली. ऑपरेशनला दोन वर्षं झाली, तरी तिने लेकीला डावा हात खांद्याच्या वर नेऊ दिला नव्हता. फ्रॉकसुद्धा पुढून बटणांचेच शिवून घेतले होते. झोका नाही, कवायत नाही.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हात वर नको, असं मी सहाच आठवडे म्हटलं होतं, ताई. तेवढ्या दिवसांत तार हृदयात घट्ट रुजते. आतून ती स्प्रिंगसारखी वळवलेली असते, शिवाय उंची वाढेल म्हणून वेटोळंही जास्तीचं सोडलंय. पोरांनी झाडावर चढावं म्हणूनच तर तशी बनवतात!"

सहा आठवडे मृण्मयीलाही आठवत होते. सातव्या आठवड्यात तिचाच धीर झाला नव्हता. "रेवा, कर गं वर," ती घाईने म्हणाली. "अगदी वर!"

हात खांद्यापाशी येऊन अडला. कुणी धरला नव्हता.

"आई," रेवाने हळूच विचारलं, "तू खरंच ओरडणार नाहीस ना?"