मोठी अक्षरं

मी चपात्या लाटायच्या आणि नवऱ्यानं मोबाईलवर कादंबरी वाचून दाखवायची, हा आमचा सिंगापुरातल्या पासिर रिसमधल्या घरातला रोजचा नेम. हल्ली तो अक्षरं फुगवतच चालला होता. "अरे, समोरच्या ब्लॉकलाही वाचायला देतोयस का?" मी चिडवलं. तो हसला नाही. "डोळे चाललेत, नंदा." "मग डॉक्टरकडे चल!" "रिपोर्टमध्ये आलं की नोकरी गेली. नोकरी गेली की वर्क पास गेला. सिंगापुरातून बिऱ्हाड उचला! कुणाला बोलू नकोस." नाही बोलले. अक्कल गहाण टाकली मी. रविवारी तो न अडखळता वाचत होता. ताट द्यायला जवळ गेले. मोबाईल चार्जिंग संपून बंद पडला होता. काळ्या काचेवर बोट सरकवत तो मनानंच कादंबरी रचत होता. "ऐकतेयस ना?" त्यानं विचारलं. उद्या सकाळी त्याला ऑफिसात स्क्रीनसमोर बसायचं होतं. "वाच," मी म्हटलं.